बाजारात येणारं गणित वर्गात का अडतं?

आठवडी बाजारात भाजीच्या पालावर बसलेलं दहा-बारा वर्षांचं एखादं मूल आठवून पाहा. वांगी ४० रुपये किलो. गिऱ्हाईक ७०० ग्रॅम मागतं आणि मूल काट्यावरची नजर न काढता "अठ्ठावीस" म्हणतं. अर्ध्या किलोचे वीस, वरच्या दोनशे ग्रॅमचे आठ. शंभराची नोट आली की बहात्तर परत. दुसऱ्या दिवशी हाच हिशोब फळ्यावर '४० × ०.७' असा दिसला, की तेच मूल मान खाली घालतं किंवा २८० लिहून मोकळं होतं. वर्षअखेरीला त्याच्या नावापुढे शेरा येतो : गणितात कच्चा.

हे नुसतं निरीक्षण नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना तपासलं. दोन-तीन जिन्नस, वेगवेगळे दर, वेगवेगळी वजनं, वर सुट्टे पैसे परत करणं, एवढं सगळं ही मुलं तोंडी आणि बहुतेक वेळा बिनचूक करत होती. शाळेच्या पुस्तकातल्यासारखी वजाबाकी-भागाकाराची उदाहरणं कागदावर दिली, तेव्हा मात्र त्यांतली बरीच अडखळली. अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. शाळेत नियमित जाणारी, बाजारात कधी न बसलेली मुलं कागदावरची गणितं बऱ्यापैकी सोडवत होती, पण बाजारातला व्यवहार समोर आला की त्यांचं घोडं अडत होतं. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

चाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात हेच दिसलं होतं. तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले आणि काही दिवसांनी तेच आकडे कागदावर मांडून विचारले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली आणि नुसत्या आकडेमोडीच्या स्वरूपात फक्त ३७ टक्के. एका मुलाला ३५ क्रुझेरोचा एक, अशा दहा नारळांचे किती, असं विचारलं. दहाने गुणताना शून्य जोडायचं हा शाळेचा नियम त्याने वापरलाच नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, असं करत करत तो ३५० पर्यंत पोचला. रीत लांबची, पण पाऊल न् पाऊल त्याला कळलेलं होतं.

गणित आणि विज्ञान सगळ्या मुलांपर्यंत पोचवायचं, हा विषय शिक्षक-प्रशिक्षणात निघाला की चर्चा लगेच 'मागे पडलेली मुलं' आणि 'जादा तास' यांच्याकडे वळते. मला वाटतं, सुरुवात त्याच्या आधीपासून करायला हवी. मुलाला काय येत नाही याची यादी आपल्याकडे तयार असते. त्याला काय येतं हे विचारायची सोयच वर्गात नसते, आणि ज्या मुलाच्या घरचं जगणं पाठ्यपुस्तकातल्या जगण्यापासून जितकं दूर, तितकं त्याला येणारं जास्त झाकलेलं राहतं. वेगवेगळ्या मुलांना विषयात ओढून घ्यायचं म्हणजे आधी हे झाकलेलं बाहेर काढायचं आणि मग तिथून पुस्तकापर्यंत वाट तयार करायची. दोन्ही कामं शिकता येण्यासारखी आहेत आणि त्यांसाठी महागडं साहित्य लागत नाही.

चुकलेली वही वाचायची कशी?

तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत अशी चार उदाहरणं आहेत असं समजा :

५२ − २७ = ३५
६१ − ३८ = ३७
४३ − १९ = ३६
५८ − २३ = ३५

तीन चूक, एक बरोबर. चारपैकी एक गुण देऊन पुढची वही उचलता येते. पण जरा थांबून पाहिलं तर दिसतं, की ही मुलगी अंदाजपंचे काही लिहीत नाही. तिचा एक पक्का नियम आहे : प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. ५२ मधल्या दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे. हा नियम तिला कुठून मिळाला? बहुधा आपणच पहिलीत सांगितलं असेल, "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." एक अंकी संख्यांसाठी ते चाललं. तिने ते इमानदारीने पुढे नेलं.

आता तिला 'हातचा घ्यायचा' हे दहाव्यांदा सांगून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी विचारायचं, "आईने ५२ रुपये दिले, दुकानात २७ रुपयांचं सामान आणलंस, तर परत किती आणशील?" बरीच मुलं हे असं करतात : सत्तावीसवरून तीस, तीन झाले, तिसावरून पन्नास, वीस, वर दोन, झाले पंचवीस. हे उत्तर ऐकल्यावर बाईंनी "शाबास" म्हणून पुढे जायचं नाही. खरं काम इथे सुरू होतं. तिची रीत फळ्यावर आडव्या रेषेवर बाणांनी काढायची : २७, ३०, ५०, ५२. त्याच्या शेजारी तिचं वहीतलं ३५ लिहायचं आणि सगळ्या वर्गाला विचारायचं, "आकडे तेच, मग दोन उत्तरं कशी आली? दोन्ही खरी असतील का?" मुलं भांडू देत. त्या भांडणातूनच कधीतरी कुणीतरी म्हणतं, "बाई, पन्नासातली एक दहाची नोट मोडायला पाहिजे." तिथे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या बाहेर काढायच्या, एक गठ्ठा सोडायचा आणि त्यानंतर उभी मांडणी करायची. हातच्याचा अर्थ तेव्हा तिच्या हातात असतो.

या सगळ्याला एक पूर्ण तासिका जाते. "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण ही एक तासिका दिली नाही, तर तीच चूक पाचवीत भागाकारात आणि सातवीत बीजगणितात परत भेटते. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या शिक्षण-पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी भागाकार करू शकणारी जेमतेम ३१ टक्के होती. भागाकारात वजाबाकी पावलोपावली लागते, त्यामुळे तिसरीत राहिलेली वजाबाकी तिथे आडवी येतेच.

संख्यांच्या नावांचा मुद्दाही इथेच येतो. मराठीत २९ म्हणताना तिसाचं नाव घ्यावं लागतं आणि लिहिताना आधी दोन लिहावा लागतो. ६७ ऐकताना सात आधी ऐकू येतो, साठ नंतर. त्यामुळे ऐकून ७६ लिहिणारं मूल बेशिस्त नसतं, ते ऐकलं त्या क्रमाने लिहीत असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ सात' असंही वाचायची पद्धत सुचवली गेली आणि मोठा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत गेला. त्या वेळी मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या आणि त्यांनी ही पद्धत मुलांच्या सोयीसाठी आहे हे शांतपणे समजावून सांगितलं. परंपरा मोडली की राखली यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. ज्या मुलाच्या घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलतात त्याला सहा वर्षांच्या वयात शंभर वेगवेगळे शब्द परक्या भाषेत पाठ करावे लागतात, याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष गेलं. दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवली तर कुणाचंच नुकसान होत नाही.

डोक्यावर पोतं घेऊन उभा असलेला हमाल काही 'कार्य' करत नाही?

विज्ञानात अडचण वेगळ्या वाटेने येते. नववीत 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ असतो. बल लावलं आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झालं असं म्हणायचं. त्यामुळे डोक्यावर ५० किलोचं पोतं घेऊन उभा असलेला हमाल त्या पोत्यावर शून्य कार्य करतो. तो सपाट जमिनीवर चालत गेला तरी, पोतं तोलून धरणारं बल वरच्या दिशेने आणि सरकणं आडवं, म्हणून त्या बलाचं कार्य शून्यच.

आता वर्गात बसलेल्या त्या मुलाचा विचार करा ज्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. रात्री त्यांचे पाय चेपताना त्याने जे पाहिलंय त्याला विज्ञान शून्य म्हणतंय, असं त्याच्या कानावर पडतं. तो वाद घालत नाही. उत्तरपत्रिकेत 'शून्य' लिहून गुण मिळवतो आणि विज्ञान हे आपल्या जगाबद्दल नाही, अशी खूणगाठ बांधतो. हे नुकसान कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

पण याच ठिकाणी फार सुंदर विज्ञान आहे, आणि ते सांगायला दहा मिनिटं पुरतात. हमाल दमतो हे शंभर टक्के खरं. स्नायू ताणून धरायचे म्हणजे त्यांतले तंतू सतत आकसत आणि सैलावत राहतात. त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते, म्हणून घाम येतो. मात्र त्यातली काहीच ऊर्जा पोत्याला मिळत नाही. तेच पोतं टेबलावर ठेवलं तर टेबलही ते तोलून धरतं, पण टेबल दमत नाही. दमतं ते शरीर, कारण शरीराला स्थिर राहण्यासाठीही ऊर्जा जाळावी लागते. 'कार्य' ही राशी फक्त पोत्याच्या बाजूचा हिशोब ठेवते.

मग आकडे घालायचे. पोतं जमिनीवरून दीड मीटर उंच उचललं तर ५० × ९.८ × १.५ म्हणजे ७३५ ज्यूल कार्य झालं. एक किलोकॅलरी म्हणजे साधारण ४,१८४ ज्यूल. म्हणजे नुसत्या पोत्याच्या हिशोबाने एका किलोकॅलरीत पाच पोती उचलून व्हायला हवीत. शरीर प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट ऊर्जा खर्च करतं. मग बाकीची जाते कुठे? हा प्रश्न त्या मुलानेच घरी जाऊन वडिलांना विचारायचा : दिवसाला किती पोती, किती उंचीवर, जेवण काय, पाणी किती. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडची माहिती संपूर्ण वर्गात कुणाकडेच नसते.

नीरेचंही असंच आहे. पालघर-डहाणूकडच्या मुलांना माहीत असतं, की पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते आणि ऊन चढलं की ती आंबते. किण्वन शिकवायला याहून चांगली सुरुवात कुठली? साखर, यीस्ट, तापमान, वेळ, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, सगळं त्यात आहे. हातात मडकं न घेताही मुलांच्या बोलण्यातून हे उभं राहतं, आणि प्रयोग करायचाच तर उसाच्या किंवा गुळाच्या पाण्यावर करता येतो. या गोष्टीला आणखी एक धागा आहे. कमला सोहोनी या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा सी. व्ही. रामन तिथे संचालक होते. कमलाबाई हटल्या नाहीत, अटींवर का होईना प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली आणि पुढे मुंबईत नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं. वारली पाड्यावरच्या शाळेत एकाच तासाला झाडावरची नीरा आणि कमलाबाई दोन्ही येऊ शकतात.

शास्त्रज्ञाचं चित्र काढ बघू

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्यात बाईचं चित्र काढणारी मुलं निघाली फक्त २८, आणि त्या सगळ्या मुली होत्या. अमेरिकेतल्या पाच दशकांतल्या अशा अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अलीकडच्या काळात बाईचं चित्र काढण्याचं सरासरी प्रमाण २८ टक्क्यांपर्यंत आलेलं दिसलं. म्हणजे ही चित्रं बदलतात. मात्र त्याच आढाव्यात असंही दिसलं, की मुलं मोठी होतात तसे त्यांच्या चित्रांत पुरुष शास्त्रज्ञ वाढत जातात.

हे करून पाहायला एक कोरा कागद पुरतो. पण चित्रं गोळा करून "बघा, मुलीसुद्धा शास्त्रज्ञ होतात" असं भाषण दिल्याने फारसं काही होत नाही. त्यापेक्षा प्रयोगशाळेत पाच मिनिटं हातांकडे पाहत उभं राहावं. पाच जणांच्या गटात विद्युत परिपथ जोडायचा आहे. वायरी कुणाच्या हातात आहेत? बहुतेक ठिकाणी मुलगे जोडतात आणि सुवाच्य अक्षर म्हणून मुलगी नोंदी लिहिते. त्याच गटात जातीने, भाषेने किंवा नुसत्या अबोल स्वभावाने कडेला गेलेलं एखादं मूल काहीच करत नसतं. वर्षभर असंच चाललं तर परिपथ जोडण्याचा सराव एक-दोघांनाच मिळतो, आणि पुढे 'त्यांना प्रयोगात गती आहे' असं आपण म्हणतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. गटात कोण बोलणार हे बहुतेक वेळा विषयाच्या ज्ञानावर ठरत नाही, मुलाच्या वर्गातल्या स्थानावर ठरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचे उपाय अगदी व्यवहारातले आहेत. प्रत्येकाला नेमकी भूमिका द्या आणि ती दर वेळी फिरवा : आज जोडणारा, उद्या मोजणारा, परवा गटाच्या वतीने सांगणारा. एकट्याला पूर्ण करता येणार नाही असंच काम द्या, ज्यात मोजणं, चित्र काढणं, अंदाज बांधणं, हाताने बनवणं असं वेगवेगळं कौशल्य लागेल. आणि खालच्या स्थानावरचं मानलं गेलेलं मूल काही नेमकं चांगलं करेल तेव्हा ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगा. "छान!" एवढ्याने भागत नाही. "तिने दोन्ही वायरींची टोकं खरवडून घेतली, म्हणून दिवा लागला," असं सांगितलं की बाकीच्या मुलांची नजर बदलते.

प्रश्न विचारल्यावर थांबणं ही त्याहून साधी गोष्ट. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबत होते आणि हुशार मानलेल्या मुलांना बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट वेळ देत होते. हे थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, कारणं देणं वाढलं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला तर आधी प्रश्न आपल्या भाषेत नेऊन मग उत्तर मराठीत आणायचं असतं. तीन सेकंद त्याला कमीच पडतात. तो आपल्या बोलीत उत्तर देईल आणि शेजारचा मित्र मराठीत सांगेल, असं चालवून घ्यावं.

डोळ्यांशिवाय, नाकाने

दृष्टिहीन मुलांना आठवीनंतर गणित-विज्ञानाऐवजी दुसरे विषय घ्यायला सांगितलं जातं, हे आपल्याकडे सर्रास होतं. सवलत म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचं दार बंद करण्यात रूपांतर झालंय. टेलर फ्रेमवर, म्हणजे खाचांच्या पाटीवर खुंट्या बसवून, आकडेमोड करता येते, खिळे ठोकलेल्या फळीवर रबरबँड ताणून भूमितीच्या आकृत्या बोटांनी वाचता येतात. विज्ञानाचं एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ते एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात गेली कित्येक वर्षं छापलेलं आहे आणि फारच कमी शाळांत केलं जातं.

कांदा बारीक चिरून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. त्यात स्वच्छ सुती कापडाच्या पट्ट्या टाकायच्या, पिशवी घट्ट बांधून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी पट्ट्यांना कांद्याचा उग्र वास येतो. एका पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे, दुसरीवर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे. थेंब शिक्षकांनी टाकायचे. मग दोन्ही पट्ट्या पाण्याने खळखळून धुवायच्या आणि वास घ्यायचा. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. लिटमसचा रंग पाहण्याची गरजच पडली नाही. या प्रयोगात दृष्टिहीन मूल मदतनीसाची वाट पाहत बसत नाही. बऱ्याचदा पट्ट्यांमधला फरक सगळ्यांत आधी तेच सांगतं, आणि डोळस मुलांनाही पहिल्यांदाच कळतं की दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते ओळखून देणारा पदार्थ, फक्त रंगानेच सांगतो असं नव्हे.

अपंग मुलासाठी विचार करून बनवलेला प्रयोग वर्गातल्या बहुतेक मुलांना जास्त समजतो, असा माझा अनुभव आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून बनवलेले आकार घ्या. अरविंद गुप्ता यांनी हे मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना केले आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून जगभर पोचवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण दाबला तरी हलत नाही. पुलाच्या कैचीत आणि पत्र्याच्या शेडच्या छतात त्रिकोण का असतात, हे हाताला कळतं. पाहून कळण्याआधी.

दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक

बीड, जालना, धाराशिव या भागांत दिवाळी झाली की वर्गातले काही बाक रिकामे होतात. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मुलं कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं गावात राहतात, सगळी नाही. परत आलेल्या मुलाला पुस्तकाच्या सत्तराव्या पानावर बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. 'प्रथम'ने रुजवलेली पद्धत इथे उपयोगी पडते : इयत्ता बाजूला ठेवून मूल आज कुठे आहे ते पाच मिनिटांत तोंडी तपासायचं, रोज एक-दीड तास त्याच पातळीच्या मुलांच्या गटात शिकवायचं, आणि मूल पुढे सरकलं की गट लगेच बदलायचा. शेवटची अट सुटली तर गटाचं लेबल होतं. 'ढ गट' हे नाव मुलं स्वतःच ठेवतात आणि ते पुसायला वर्षं जातात.

या मुलांकडेही गणित असतं. मोळ्या, टन, खेपा, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), टनाला दर. समजा, एका कोयत्याने, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने, लाखाची उचल घेतली आणि टनाला ४०० रुपये मिळतात, तर उचल फिटायला २५० टन तोडावे लागतील. हे सातवीचं समीकरण आहे. पण इथे फार जपून पाऊल टाकावं लागतं. एखाद्या मुलाला वर्गासमोर उभं करून "तुझ्या बाबांनी किती उचल घेतली?" असं कधीही विचारू नये. घरची गरिबी म्हणजे शैक्षणिक साहित्य नव्हे. उदाहरण सगळ्या वर्गाला द्यायचं, नावं काल्पनिक ठेवायची, आणि ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलेल एवढी जागा सोडायची. हीच काळजी जातीच्या व्यवसायांबद्दल. 'तुमच्यात हे काम करतात ना, मग सांग' असं म्हणणारा शिक्षक कितीही चांगल्या हेतूने बोलत असला, तरी मुलाला पुन्हा त्याच्या जातीत ढकलतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करायची याचा अर्थ तिथेच थांबायचं असा नाही. बाजारातल्या मुलाला ४० × ०.७ हे चिन्हांचं गणित यायलाच हवं, कारण दहावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, सगळी दारं त्याच चिन्हांनी उघडतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. त्या मुलांना विषय झेपत नाही असं मानलं जात होतं. पुस्तकी भाषेची अडचण दूर केल्यावर आणि प्रश्न विचारायला वाव दिल्यावर तीच मुलं पुढे गेली. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा अपेक्षा खाली आणल्या नव्हत्या.

हे सगळं एकट्या शिक्षकाने करावं असं म्हणणं मात्र बरोबर नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वर ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामं. होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा माध्यमिक-पूर्व शाळांत सुरू झाला आणि २००२ पर्यंत, तीस वर्षं, सरकारी शाळांमध्ये टिकला. त्यामागे प्रयोगाचं साहित्य होतं, पुस्तक उघडून लिहायची परीक्षा होती, आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शिक्षकांची मासिक बैठक. तिथे शिक्षक आपल्या वर्गात फसलेला प्रयोग घेऊन यायचे आणि बाकीच्यांबरोबर तो सोडवायचे.

आपल्याकडे केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. ती परिपत्रकं वाचण्यात संपते, अशी तक्रार शिक्षकच करतात. तिच्यातला एक तास राखून ठेवता येईल. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणायच्या, बरोबर उत्तरांच्या नव्हे. तीन-तीन जणांनी बसून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं : हे मूल कुठल्या नियमाने चाललंय? नियम सापडला की दोन गोष्टी लिहून काढायच्या. त्या मुलाला उद्या विचारायचा एक प्रश्न, आणि त्या प्रश्नासाठी लागणारी एक वस्तू, मग ती काड्यांचा गठ्ठा असो की कांद्यात मुरलेली कापडाची पट्टी. पुढच्या महिन्यात त्याच वह्या परत आणायच्या.